पंचायतीच्या कागदावर आरोग्याची ओळ : सीमाभागातल्या गावांसाठी कामाची पद्धत

कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीची क्रिया योजना, म्हणजे वर्षभरात करायच्या कामांची आणि रकमांची यादी, मागून घ्या आणि शांतपणे वाचा. सीसी रस्ता, गटार, पथदिवे, समुदाय भवन अशी कामं ओळीनं दिसतील. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायची सोय, वाड्यावरच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी, उपकेंद्राचं गळकं छप्पर यांच्यासाठी रक्कम धरलेली क्वचितच आढळेल. पंचायतीला तो अधिकारच नाही असं कुणी सांगितलं तर मानू नका. ७३ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत. त्यातला २३ वा आरोग्य आणि स्वच्छतेचा आहे आणि त्यात दवाखाने, प्राथमिक आरोग्य केंद्रं स्पष्ट शब्दांत येतात. पिण्याचं पाणी ११ वा विषय, महिला आणि बालविकास २५ वा.

ओळ नसते, कारण ती मागणारं माणूस त्या बैठकीत नसतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गवळीवाड्यावरची बाई, निपाणीत बिड्या वळणारी मजूर, चिकोडीकडच्या उसाच्या फडात खोपट टाकून राहिलेली आई, दलित वस्तीतला गोळ्या अर्धवट सोडलेला टीबीचा पेशंट. आजार यांच्या वाट्याला जास्त आणि पंचायतीतली खुर्ची कमी. या लोकांमधलं नेतृत्व उभं राहावं आणि त्यांचं म्हणणं ठरावात, मग अंदाजपत्रकात यावं, यासाठी बचत गट, युवक मंडळं आणि त्यांना साथ देणारे कार्यकर्ते काय करू शकतात, ते इथे क्रमानं मांडलं आहे.

आधी माणसं शोधा

माईक हातात घेणारा माणूस गावात लगेच सापडतो. आपल्याला हवा तो बहुतेक वेळा वेगळाच असतो. प्रत्येक वस्तीत पाच-सहा घरांत जाऊन एकच प्रश्न विचारा: “रात्री बारा वाजता घरात कुणाला जास्त झालं, तर घरच्यांना सोडून पहिली हाक कुणाला मारता?” दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतात. कधी ती म्हातारी सुईण असते, कधी अंगणवाडीची मदतनीस, कधी स्त्री शक्ती गटाचा हिशेब ठेवणारी सूनबाई, तर कधी टमटम चालवणारा पोरगा. लोकांनी त्यांना आधीच पुढारी मानलेलं असतं, फक्त त्यांना तसं कुणी म्हटलेलं नसतं.

अशा पाच-सात जणांचा गट करा. निम्म्याहून जास्त बायका असाव्यात आणि प्रत्येक वस्तीतलं निदान एक माणूस असावं. एक सावधगिरी मात्र अगदी सुरुवातीलाच घ्या: आशाताईंना या गटाचा चेहरा करू नका. माहिती त्यांच्याकडेच सगळ्यात जास्त असते, पण त्या खात्याशी बांधलेल्या असतात. आरोग्य केंद्राविरुद्ध भर सभेत बोलल्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते. त्यांनी आकडे द्यावेत, बोलणारं तोंड दुसऱ्या कुणाचं असावं.

कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. काही ठिकाणी निवडून बाई येते आणि बैठकीला नवरा बसतो, हेही आपण सगळे पाहतो. त्यावर भाषण देऊन काही होत नाही. बैठकीच्या दोन दिवस आधी मेंबर बाईंच्या घरी जा, विषयपत्रिका त्यांच्यासोबत बसून वाचा, कुठल्या विषयावर त्या काय बोलणार ते दोनदा म्हणवून घ्या. ग्रामसभा असेल त्या दिवशी गटातल्या दोघीजणी त्यांच्या शेजारी बसू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घरचा पुरुष आपोआप मागच्या बाकावर जातो.

मग गाव मोजा, वस्तीवस्तीनं

सरासरी गावाला फसवते. ‘आमच्या गावात सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात’ हे मुख्य गावठाणाबद्दल खरं असतं, वाड्याबद्दल असेलच असं नाही. म्हणून माहिती वस्तीनुसार वेगळी लिहा. देवळाच्या अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला की लहानथोर सगळे गोळा होतात. त्यात घरं, विहिरी, बोअर, अंगणवाडी, उपकेंद्र, ओढे आणि पुराखाली जाणारे साकव दाखवा.

दवाखाना किती किलोमीटरवर आहे हे विचारू नका. ‘जुलैत, रात्री, किती वेळ लागतो’ हे विचारा. कणकुंबी, जांबोटी, हेम्माडगा या पट्ट्यात उत्तरं ऐकून थक्क व्हाल. उपकेंद्रासाठी सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्या, आरोग्य केंद्रासाठी ३०,००० आणि २०,००० असा निकष आहे. जिथे माणसं विरळ आणि वाटा लांब, तिथे डोकी मोजणारा हा निकष कागदावर पूर्ण होतो आणि पेशंट मात्र खांद्यावरून न्यावा लागतो. तुमच्या वहीतली मिनिटं हा त्यावरचा पुरावा.

निपाणी भागात प्रश्न वेगळे विचारावे लागतील. बिडीची मजुरी दर हजार बिड्यांमागे मिळते. बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो आणि तोच कामाचा वेळ असतो, म्हणजे रांगेत अर्धा दिवस गेला की तेवढी मजुरी बुडाली. तंबाखूच्या धुळीनं खोकला महिनोन्‌महिने अंगावर काढण्याचं कारण तिथे दडलेलं असतं. दवाखाना जवळ असूनही तो तिच्यासाठी नसल्यासारखाच. अशा ठिकाणी मागणी इमारतीची नसून वेळेची असायला हवी: आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी तपासणी.

वहीत प्रत्येक वस्तीसाठी गेल्या वर्षभरातलं एवढं लिहिलं तरी पुरे: बाळंतपणं किती आणि कुठे झाली, तिथवर कसं पोचले, खिशातून किती गेले, बीपी-शुगरच्या गोळ्या कधी संपल्या, लसीकरण कुणाचं राहिलं. ऊसतोडीची टोळी गावात असेल तर तिच्या खोपटांची वेगळी नोंद करा. गाळप हंगामात आलेली मुलं ना त्यांच्या गावच्या यादीत सापडतात ना आपल्या. नावं मात्र वस्तीबाहेर जाऊ देऊ नका, बाहेर जातील ते फक्त आकडे. टीबी, एचआयव्ही किंवा माजी देवदासी बायकांचा विषय असेल तर याबाबत जराही ढिलाई नको. एक नाव फुटलं की ती वस्ती पुन्हा कधी दार उघडत नाही.

कुणाच्या हातात काय, हे माहीत असू द्या

पाणी, गटार, कचरा, दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे. तिचा कारभार चालवतात पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानातला ६० टक्के वाटा बांधील होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. शिवाय स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यासाठी देशभर ७०,०५१ कोटींची शिफारस वेगळी होती. ‘पंचायतीकडे आरोग्याला पैसा कुठाय?’ असं कुणी विचारलं तर हे सांगा आणि आपल्या पंचायतीच्या वाट्याला काय आलं ते कागदावर मागा.

आरोग्य केंद्राचे दैनंदिन निर्णय वैद्यकीय अधिकारी आणि आरोग्य रक्षा समितीकडे, त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकारी. अंगणवाडी सीडीपीओंकडे, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. खानापूर, निपाणी किंवा बेळगाव शहरात राहत असाल तर दार वेगळं, तिथे पट्टण पंचायत, नगरपालिका, महानगरपालिका आणि वॉर्डाचा नगरसेवक.

जंगलातल्या गावांनी वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) जरूर वाचावं. दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ता अशा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवरून देता येते. ‘वनखातं परवानगी देत नाही’ म्हणून जो विषय वर्षानुवर्षं गुंडाळला जातो, त्याची सुरुवात ग्रामसभेच्या ठरावापासून आहे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतल्या वाड्यांना वन्यजीव कायद्याचाही विचार करावा लागतो, तेव्हा तिथे जाणत्या वकिलाला आधी कागद दाखवा.

समिती बहुधा आहेच, तिला उठवा

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं तेव्हापासून गावात आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती असणं अपेक्षित आहे. अध्यक्ष पंचायतीचा सदस्य, शक्यतो महिला; सचिव आशा; सोबत अंगणवाडी कार्यकर्ती आणि गावकरी. बैठक दर महिन्याला. वर्षाला १०,००० रुपयांचा मुक्त निधी, म्हणजे कशावर खर्च करायचा ते समितीनंच ठरवायचं.

पुष्कळ गावांत ही समिती आपल्याही गावात आहे हे खुद्द सदस्यांनाच ठाऊक नसतं. तीन गोष्टी मागा: सदस्यांची यादी, बँकेचं पासबुक, बैठकांची वही. रागानं मागू नका, आशाताईंची अडचण होईल असं तर मुळीच नको. ‘बैठक आम्ही भरवतो, तुम्ही फक्त या’ असं म्हटलं की त्यांनाही हायसं वाटतं. रिकाम्या जागांवर वस्तीतली माणसं घ्यायला लावा. दहा हजार फार नाहीत, पण गरीब पेशंटला तातडीनं हलवण्याचं गाडीभाडं, विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर, वजनकाट्याची दुरुस्ती यातून होते. शिवाय पैसा एकत्र बसून ठरवायचा आणि हिशेब सगळ्यांसमोर वाचायचा, ही सवय पुढे मोठ्या रकमेच्या वेळी कामाला येते.

एकच प्रश्न धरा आणि शेवटापर्यंत न्या

यादी पंधरा मागण्यांची झाली की अधिकारी त्यातल्या सोप्या दोन करून मोकळे होतात. पहिल्या वर्षी एकच घ्या. भातपट्ट्यातल्या गावांसाठी सर्पदंशाचं उदाहरण घेतो.

‘केंद्रात सर्पदंशाचं इंजेक्शन आहे का?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘आहे.’ खरा प्रश्न पुढचा आहे. विष चढल्याची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात. कपाटात तीन असतील तर रजिस्टरला ‘आहे’ आणि पेशंटला नाही. तेव्हा विचारा: आज किती कुप्या आहेत, रात्री कपाटाची किल्ली कुणाकडे असते, इंजेक्शन द्यायला डॉक्टर मुक्कामी असतात का, नसतील तर पेशंट नेमका कुठे पाठवतात. कर्नाटकानं २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद कळवणं बंधनकारक केलं. म्हणजे तालुक्याचा आकडा आरोग्य खात्याकडे असायला हवा, तो मागा आणि आपल्या वहीशी ताडून बघा.

मग ठराव लिहा. त्यात ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं वाक्य असेल तर ते खोडा, त्यातून काहीच निघत नाही. काय, कुणी, किती रुपयांत आणि कधीपर्यंत, हे आलं पाहिजे. साधारण असा:

“वॉर्ड क्र. … मधील … वाडीपासून प्राथमिक आरोग्य केंद्र पावसाळ्यात पायी … मिनिटे व पुढे वाहनाने … मिनिटे आहे. मागील दोन वर्षांत या वाडीत सर्पदंशाच्या … घटना घडल्या. सबब ही सभा ठरवते की, १) जून ते ऑक्टोबर या काळात रात्रीच्या तातडीच्या वाहनासाठी पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून रु. … ची तरतूद करावी व वाहनचालकांची नावे-फोन अंगणवाडी व दुकानाबाहेर लावावेत. २) सर्पदंशावरील इंजेक्शनच्या शिल्लक कुप्यांची संख्या दर सोमवारी केंद्राबाहेरील फलकावर कन्नड व मराठीत लिहावी, अशी विनंती आरोग्य रक्षा समितीस करावी. ३) वाडीच्या वाटेवर … ठिकाणी पथदिवे ३१ मेपूर्वी बसवावेत. जबाबदारी: पीडीओ व वॉर्ड सदस्य. आढावा: पुढील वॉर्ड सभा.”

तुमचा प्रश्न पाण्याचा असेल तर पुरावा डोळ्यांसमोर ठेवता येतो. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवणं अपेक्षित आहे. एच-टू-एस बाटलीत, म्हणजे जंतू तपासायच्या छोट्या बाटलीत, खुणेपर्यंत विहिरीचं पाणी भरायचं, झाकण घट्ट लावून उबेत ठेवायचं. मैल्यातले जंतू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. मुख्य गावच्या नळाची स्वच्छ बाटली आणि वाड्यावरच्या विहिरीची काळी बाटली सभेच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. अर्ध्या तासाच्या भाषणानं होत नाही ते त्या दोन बाटल्यांनी होतं. बाटली फोडू नका, फेकू नका, नंतर आरोग्य केंद्रात परत द्या.

वॉर्ड सभेपासून सुरुवात करा

कर्नाटकात एका ग्रामपंचायतीत अनेक गावं येतात. ग्रामसभा मोठ्या गावात भरते आणि वाड्याचा आवाज तिथे हरवतो. त्याआधी वॉर्ड सभा असते आणि मागण्यांची यादी तिथून वर जाते. दोन्ही सभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हव्यात. तुमचा सगळा जोर वॉर्ड सभेवर लावा. तारीख पीडीओंकडून आधी लेखी घ्या, ती सुगीच्या दिवसांत किंवा भर दुपारी असेल तर बदलून मागा, आणि शक्य तर सभा वाड्यावरच घ्यायला लावा. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते. मार्चमध्ये जागे झालात तर वर्ष गेलं.

सभेत सही करण्याआधी इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या पानावर सही करू नका, समोर कुणीही असो. ठरावाची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.

कन्नड आणि मराठी, दोन्ही

अर्ज मराठीत द्यायचा हक्क तुम्हाला आहे. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत देण्याचं धोरणही जुनं आहे. तरी माझा आग्रह असा की अर्ज दोन्ही भाषांत द्या. मराठी प्रत गावाला कळते, कन्नड प्रत टेबलावरून पुढे सरकते. गावात कन्नड माध्यमातून शिकलेली पोरंपोरी असतातच, त्यांना या कामात घ्या. पुढचं नेतृत्व त्यांच्यातूनच येणार आहे. आणि आरोग्य केंद्राकडून मराठी पाटी, गोळ्या कशा घ्यायच्या याची मराठी चिठ्ठी हक्कानं मागा. बीपीची गोळी सकाळी घ्यायची की रात्री हे म्हाताऱ्या आजीला वाचता आलंच पाहिजे.

सीमाप्रश्नावर प्रत्येकाचं मत असतं, माझंही ठाम आहे. पण आरोग्याच्या बैठकीत तो विषय आणू नका. त्याच गल्लीत कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं असतात, त्यांचीही लेकरं त्याच विहिरीचं पाणी पितात आणि त्यांच्याशिवाय वॉर्ड सभेत बहुमत होत नाही. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देऊ केली आणि कर्नाटक सरकारनं त्याला आक्षेप घेतला. या ओढाताणीत पेशंटनं थांबून राहू नये. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. कोल्हापूर, मिरजेला जाण्याआधी तिथल्या दवाखान्यात आपलं कार्ड चालतं का, हे फोन करून विचारा. कुणाची कार्डं नाहीत, याची वस्तीवार यादी हाही वॉर्ड सभेचा एक चांगला विषय आहे.

पाठपुरावा

ठराव झाल्यावर महिनाभरानं पीडीओंना भेटा, मग तालुका पंचायतीच्या कार्यनिर्वाहक अधिकाऱ्यांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. प्रत्येक भेटीला अर्ज द्या, पोच घ्या. जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका लांबत गेल्या, त्यामुळे मधल्या पायरीवर भांडणारा आपला माणूस नाही. म्हणून आमदारांच्या कार्यालयातही प्रत द्या. हललं नाही तर माहिती अधिकार: १० रुपये शुल्क, बीपीएलला माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, लांबलचक लिहिलात तर तेवढ्यावरून परत येतो. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, कागद मागा: ठरावाची प्रत, त्यावरचा शेरा, खर्चाचं बिल.

पुढे आलेल्या माणसाला सांभाळा

यावर फार कमी लिहिलं जातं, म्हणून थोडं सविस्तर. रोजंदारीवरची बाई तालुक्याला गेली की तिची मजुरी बुडते. एसटीचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी आधी बाजूला काढून ठेवा, उपकार म्हणून नव्हे, कामाचा खर्च म्हणून. लहान मूल असेल तर ते कुणाकडे ठेवायचं ते गटानं ठरवावं. बोलणाऱ्या बाईला त्रास द्यायच्या वाटा गावात पुष्कळ असतात: रोजगार हमीचं काम न देणं, घरच्यांना टोमणे, चारित्र्यावर कुजबुज. त्यासाठी अधिकाऱ्याकडे एकटीला कधी पाठवू नका, तिघी जा. अर्जावर एकीची सही नको, वीस जणींची घ्या, शक्यतो वेगवेगळ्या आळ्यांमधून. प्रत्येक कामाला एक पक्की आणि एक शिकाऊ अशी जोडी ठेवा. पंचायत निवडणुकीत गटातलं कुणी उभं राहिलं तर आनंदच आहे, पण त्या दिवसापासून गटाची वही दुसऱ्याच्या हाती द्या.

आणि तुम्ही संस्थेचे कार्यकर्ते असाल तर बॅनर घरी ठेवा. अधिकाऱ्यानं प्रश्न तुम्हाला विचारला तर उत्तर देऊ नका, बाईंकडे बघा. त्या अडखळतील, थांबतील, मग बोलतील. फोटोत पुढे उभं राहायचं तेही त्यांनीच.

सहा महिन्यांनी पुढची वॉर्ड सभा येते. त्या दिवशी जुना ठराव मुद्द्यामुद्द्यानं वाचा. झालेल्यापुढे तारीख आणि रक्कम लिहा, न झालेल्यापुढे जबाबदार माणसाचं पद लिहा, आणि तो कागद अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवा. नवा विषय कुठला घ्यायचा हे त्या वेळी सगळ्यात लहान वस्तीला ठरवू द्या.